फेब्रुवारीत अडवलेली पळी

ओमुरझाक आगायनी गावच्या शाळेत चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि तेवढ्या काळात त्यांना कुणी खोटं पाडलं नाही. एक तर ते बहुधा बरोबर असायचे, आणि दुसरं म्हणजे ते समोरच्याला बोलूच द्यायचे नाहीत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सगळे त्यांना आगाय म्हणजे गुरुजीच म्हणायचे. निवृत्तीनंतर फळा गेला, बाकं गेली, आणि वर्गात एकटी झूराकान उरली. ती त्यांची बायको. एक्केचाळीस वर्षं ती हा तास ऐकत होती आणि ऐकता ऐकता पीठ मळत होती.

तर झालं असं, की फेब्रुवारीत, भुरुभुरु बर्फ पडत असताना, आभाळ गडगडलं.

आमच्या खोऱ्यात आभाळाने पहिल्यांदा गडगडायचं ते एप्रिलात, अशी वाडवडिलांपासूनची बोली आहे. तो गडगडाट कानी आला की घरची बाई हातातलं टाकून पळी उचलते, बाहेर धावते, भिंतीवर पळी आपटत घराला तीन फेरे घालते, दूध शिंपडते आणि म्हणते, "भुई फुटू दे, गवत येऊ दे. कास भरू दे, दूध येऊ दे." एवढ्यावर आभाळाचं समाधान होतं आणि वर्ष सरळ जातं. पूर्वी हे तंबूला करायचे, आता विटांच्या घराला करतात. आभाळाने त्याबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

झूराकानने पळी उचलली आणि पायांत रबरी गलोश सरकवले. आगाय दारात आडवे उभे राहिले.

"कुठे निघालीस?"

"बहिरा झालास का म्हाताऱ्या? पहिला गडगडाट झाला."

"फेब्रुवारीतला गडगडाट धरत नसतात. वर थंड हवा, खाली जरा उबदार हवा, की बर्फातही होतं कधीकधी. त्याचा वसंताशी काही संबंध नाही. बस खाली, चहा निवतोय."

"आणि आभाळाला कोण सांगणार, की तुझा हा धरलेला नाही म्हणून?"

"मी सांगतो," आगाय म्हणाले, आणि तिच्या हातातली पळी काढून घेऊन त्यांनी खिळ्याला अडकवली.

हे बोलायला नको होतं. आगायना ते पुढे चार महिने रोज वाटलं, पण मान्य करतील तर ते आगाय कसले. मार्चात टिपूस पडला नाही. एप्रिलात असा उकाडा झाला की जर्दाळूची झाडं फसली आणि अंगभर फुलून बसली. मग त्या फुलांवर हातभर बर्फ पडला. एप्रिलात गडगडायचं ते गडगडलंच नाही. मे महिन्यात अक्रोडाएवढ्या गारा आल्या आणि सगळ्या गावाच्या मोटारींना देवीचे वण पडले. आणि जून उजाडला तशा विजा सुरू झाल्या.

पहिली पडली ती असीलकानच्या गवताच्या गंजीवर. असीलकान म्हणजे पलीकडच्या घरची म्हातारी, वय शहात्तर, आणि गावातल्या सगळ्या रीतिभातींचा शेवटचा निकाल तिच्याकडे. विजेची आग पांढऱ्यानेच विझते म्हणून तिने बादलीभर आयरान, म्हणजे घट्ट ताक, गंजीवर ओतलं. गंजी जळतच राहिली. मग कुणीतरी पंप लावला. आग आयराननेच विझली, पंपाने फक्त ओलं केलं, असं असीलकान अजून सांगते.

दुसरी पडली ती आगायच्या फाटकाजवळच्या पॉप्लरवर. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभं चिरलं. आणि तिसरी थेट छपरावरच्या तबकडीवर, तीही टीव्हीवर झूराकानची मालिका चालू असताना, सून सासूवर हात उगारते त्या क्षणाला. ती थप्पड बसली की नाही, हे झूराकानला आजतागायत कळलेलं नाही.

"दोनशे पावलं," ती बोटांवर मोजत म्हणाली. "मग दहा पावलं. मग शून्य. गणितही शिकवायचास ना तू? पुढची कुणाच्या डोक्यात पडणार ते सांग."

आगायनी पाऊण तास सांगितलं. वीज पत्ता विचारत येत नाही. उंच वस्तू बघते. एका ठिकाणी तीनदा पडली म्हणून चौथ्यांदा पडेलच असं नसतं, आणि पडणारच नाही असंही नसतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी सवयीने जोडलं आणि मग त्यांना जीभ चावावीशी वाटली, कारण झूराकानच्या हातातली चहाची वाटी थरथरत होती आणि चहा तिच्या मांडीवर सांडत होता. तिला भाजल्याचंसुद्धा कळलं नाही. ही बाई एकदा माजलेल्या बैलाला नुसत्या फडक्याने गोठ्यात घालून आली होती. आगायनी झटकन साखरेच्या भांड्याकडे नजर वळवली.

झूराकान असीलकानकडे गेली आणि निकाल घेऊन आली.

"ज्याने पळी अडवली, त्यानेच ती फिरवायची," ती म्हणाली. "डोक्याला रुमाल बांधून, म्हणजे आभाळाला बाईमाणूस वाटेल. आणि गडगडाट चालू असताना. कोरड्या आभाळाखाली फिरवली तर ऐकणार कोण?"

"गडगडाट चालू असताना, उघड्यावर, हातात लोखंडी पळी घेऊन?" आगाय म्हणाले. "काय करू नये, या सदरात मी हेच शिकवलंय. चौतीस वर्षं."

झूराकान रागावली की आधी गप्प होते आणि मग 'तुम्ही' म्हणायला लागते. गुरुवारी दुपारी तिने माळ्यावरची बॅग काढली, तीत दोन झगे आणि जामच्या चार बरण्या भरल्या.

"तुम्ही बसा तुमच्या शास्त्राला कवटाळून. मी कोचकोरला बहिणीकडे चालले. या छपराखाली माझा घास उतरत नाही."

"किती दिवस?"

"बर्फ पडेपर्यंत. नंतरचं नंतर बघू."

जूनमध्ये ती गेली तर नोव्हेंबरपर्यंत या घरात त्यांचं कोण ऐकणार होतं? भाकरी कुठून येते हे त्यांना ठाऊक होतं, पण पीठ कुठे असतं हे ठाऊक नव्हतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तरी ती नसलेलं घर त्यांना नको होतं. एवढं साधं वाक्य होतं. पण ज्याला सगळ्याचं कारण माहीत असतं त्याला असली वाक्यं बोलायची सवय नसते.

फाटकाशी गाडी उभी राहिली. तालायची टॅक्सी. हा तालाय आगायच्या हाताखाली नववीत दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा विजेच्या धड्यात आपटला होता. त्याने खाली उतरून दोन्ही हातांनी आगायचा हात धरला, तब्येत विचारली, गुरांची खुशाली विचारली, आणि मग डोंगराकडे बघून झूराकानला म्हणाला, "आपा, लवकर निघू या. घाटावर काळं दाटलंय."

दाटलं होतं खरं. आगायनी डोंगराकडे पाहिलं. मग गाडीत निघालेल्या बॅगेकडे पाहिलं.

"लाकडी पळी कुठाय?" ते म्हणाले.

"कोंबड्यांच्या दाण्यात," झूराकान म्हणाली. तिने बॅग फाटकापाशी टेकवली, पण मुठीतून सोडली नाही.

आगायनी तयारी शास्त्रशुद्ध केली. गलोशांवर गलोश चढवले, म्हणजे रबर दुप्पट. घड्याळ धातूचं म्हणून काढून ठेवलं. झूराकानचा लाल फुलांचा रुमाल डोक्याला बांधला, तो हनुवटीखाली बांधायचा की मानेमागे, यावर कुंपणापलीकडून असीलकानने निकाल दिला. डाव्या हातात दुधाची बादली, उजव्या हातात पळी, पळीला चिकटलेले दाणे. डोंगरावर वीज चमकली. आगाय मोठ्याने आकडे मोजू लागले आणि एकवीसला गडगडाट आला.

"भागिले तीन. सात किलोमीटर," ते म्हणाले. "वेळ आहे." आणि धावले.

पहिल्या फेऱ्यात त्यांनी भिंतीवर पळी आपटली, दूध बहुतेक स्वतःच्या विजारीवर शिंपडलं आणि ओरडले, "कास फुटू दे, गवत येऊ दे."

"अरे, गाय मारशील," असीलकान म्हणाली. "भुई फुटायची, भुई. पहिल्यापासून घे."

पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. घरामागे गोठा भिंतीला चिकटलेला, त्याला वळसा घालायचा तर असीलकानचं कुंपण चढावं लागायचं, आणि फेरा तुटता कामा नये. अडुसष्टाव्या वर्षी आगाय कुंपणावर चढले, तिच्या कांद्याच्या वाफ्यात उतरले, परत चढले. दाण्यांच्या वासाने सगळ्या कोंबड्या मागे लागल्या. कोंबड्या का धावतायत हे बघायला कुत्रा मागे लागला. असा तो ताफा दोनदा फाटकासमोरून गेला आणि तालायने दोन्ही वेळा आदराने छातीवर हात ठेवला, कारण गुरुजी समोरून जाताना काय करायचं असतं एवढं त्याला येत होतं.

दुसऱ्या फेऱ्याला आकडा बारावर आला. तिसऱ्या फेऱ्याला आगाय घरामागे गेले, वीज चमकली, त्यांनी "एक, दोन, तीन, चार" म्हटलं आणि कडाडलं.

मग कोंबड्या आल्या. कुत्रा आला. आगाय काही आले नाहीत.

झूराकानच्या मुठीतली बॅग सुटली. ती घरामागे धावली. खुराड्याच्या आडोशाला आगाय उकिडवे बसले होते, दोन्ही पाय जुळवून, दोन्ही हात कानांवर, डोळे मिटून, रुमाल नाकावर आलेला. पळी पुढ्यात पडली होती.

"पडली का अंगावर?"

"नाही."

"मग हे काय?"

"उघड्यावर सापडलं तर असंच बसायचं असतं," आगाय म्हणाले. "पान एकशे बारा." त्यांचे दात वाजत होते.

झूराकान त्यांच्यासमोर खाली बसली. तिने रुमाल वर सरकवला आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला. पाचावर धारण बसलेली होती, आणि ती आजची नव्हती.

"तू घाबरतोस," ती म्हणाली.

"सात वर्षांचा होतो. कुरणावर. माझ्यापासून इथून गोठ्याइतक्या अंतरावर अकरा मेंढ्या एकदम आडव्या झाल्या." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "म्हणून तर शिकलो हे सगळं. समजलं की भीती जाईल म्हणून. सगळं समजलं. भीती काही गेली नाही. तो धडा मी खिडकीकडे पाठ करून शिकवायचो."

"आणि फेब्रुवारीत? मोठा शहाणपणा शिकवत होतास मला दारात."

"तू पळी घेऊन बाहेर निघाली होतीस. लोखंडी. मी काय म्हणणार होतो? जाऊ नकोस, मला भीती वाटते, असं?"

"हो," झूराकान म्हणाली. "असंच म्हणायचं होतं. चार महिने मी एकटी थरथरतेय या घरात. दोघं मिळून थरथरलो असतो."

एक्केचाळीस वर्षांत झूराकानने घेतलेला हा पहिलाच तास. तेवढ्यात पुन्हा लख्ख झालं आणि दोनपर्यंतही मोजता आलं नाही. आगायनी डोळे उघडले, बायकोचं मनगट धरलं, आणि अठ्ठावीस जणांच्या वर्गाला पुरेल अशा आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी गाडीत. आत्ताच्या आत्ता."

तालायच्या टॅक्सीत मागे आगाय, झूराकान आणि कुंपणावरून ओढून घेतलेली असीलकान बसली, बादली तिच्या मांडीवर, पळी झूराकानच्या हातात, कुत्रा सगळ्यांच्या मांडीवर. पाऊस ताशासारखा टपावर वाजू लागला.

"तालाय," आगाय म्हणाले, "गाडीत आपण सुरक्षित का?"

तालायने आरशात पाहिलं. त्याच्या कपाळावर नववीतला घाम आला. "टप लोखंडी आहे, आगाय. वीज पडली तर ती टपावरून, बाहेरून खाली जमिनीत जाते. आत येत नाही. फक्त काचा उघडायच्या नाहीत आणि लोखंडाला हात लावायचा नाही."

"बरोबर," आगाय म्हणाले. "हे तेव्हा का लिहिलं नाहीस?"

"तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती ना."

"तिसरा फेरा अर्धाच झालाय," असीलकान म्हणाली. तिचं लक्ष कामातच होतं. "अर्धा सोडला तर केला न केला सारखाच."

आगायनी फेरा पुरा करायला दाराच्या मुठीकडे हात नेला, आणि झूराकानने त्या हातावर पळी मारली.

"बस खाली. तालाय, गाडी घे. घराला फेरा घाल."

मागे कुंपण, गोठा आणि कांद्याचा वाफा असल्यामुळे अख्ख्या गल्लीलाच फेरा घालावा लागला. त्यात असीलकानचं घर आलं, मशिदीच्या इमामाचं आलं, पशुवैद्याचं आलं. पळी गाडीबाहेर काढायची नव्हती म्हणून झूराकान ती पुढच्या सीटच्या पाठीवर आपटत होती, दूध तालायच्या मानेवर शिंपडलं जात होतं, आणि भुई फुटू दे, कास भरू दे, हे चौघं एका सुरात म्हणत होते. आगाय सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते, आणि बरोबर म्हणत होते.

गाडी पुन्हा फाटकाशी आली. बॅग पावसात भिजत उभी होती.

"आपा," तालायने मान पुसत विचारलं, "आता कोचकोरला निघायचं ना?"

आगाय समोर काचेकडे बघत बसले. त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. फक्त झूराकानची बाही त्यांच्या मुठीत होती, आणि ती सुटत नव्हती.

"पाऊस ओसरला की बॅग घरात आणून ठेव," झूराकान तालायला म्हणाली. "जाम आहे आत, जपून. हा माणूस एकट्याने घाबरतो."

आपल्या जुन्या विद्यार्थ्यासमोर हे ऐकून आगाय उसळून काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात पुन्हा कडाडलं, आणि त्यांनी बायकोच्या खांद्यात तोंड खुपसून "हो" म्हटलं.