ठुशीखालची गाठ

माझी भाची अंजना दिसायला देखणी, पण गळ्यावर बोराएवढी गाठ. आष्ट्याला माझ्या भावाच्या, आकारामाच्या दारात पाव्हणं यायचं, पोहं खायचं, गाठ बघायचं आन् टोपी उचलून चालू लागायचं. आकारामानं हाय खाल्ली.

"दगडाआक्का, पोरगी घरातच म्हातारी हुणार गं."

"गप रं!" मी म्हणलं आन् पोरीला घेऊन मिरजंच्या डॉक्टराकडं गेले.

डॉक्टर हसला. "बाई, अशा गाठी पुष्कळांना असतात. बायकांना जास्त, आणि वय वाढेल तशा आणखी जास्त. बहुतेक गाठी काही करत नाहीत. पाणी पिताना गळ्याकडं बघा, गाठ वरखाली होते."

झालं! तवापासनं माझं डोळं बायकांच्या गळ्यावर. पाटलीणबाई ताक पीत हुत्या, तर मी अशी टक लावून बसले की त्यांनी तांब्याच माझ्या म्होरं केला.

लढाई संपली तवा इटलीहून परतलेला लोणंदचा लालासाहेब, आई बनुबाईला घेऊन अंजनाला बघाया आला. गडी पोरीकडं बघतच राह्यला. बनुबाईनं मातुर गाठच बघितली.

"असलं आमच्यात चालायचं न्हाई. आमाला सुनंची घाई हाय, दुसरीकडं बघतो."

लालासाहेबाचं तोंड उतरलं. अंजना आत जाऊन चुलीपुढं मुसमुसू लागली. माझं डोस्कंच तापलं.

"जावा की! पण उन्हाचं गूळपाणी घेतल्याबिगर जाऊ नका," मी म्हणलं.

बनुबाईनं मान वर करून तांब्याची धार तोंडात धरली. गळ्यात घट्ट ठुशी. घोटागणिक ठुशी आपली वर-खाली, वर-खाली!

आगं बया! मी तिचा हात धरला आन् सरळ चुलीपाशी नेली.

"बनुबाई, ठुशीखाली काय झाकलंय वो?"

बाईला ठसका लागला. मग तिनं हळूच ठुशी सरकवली. सुपारीएवढी गाठ! अंजनाच्या गाठीची आजीच म्हणा की.

"लय वर्सं झाली," ती म्हणाली. "घरात कुणाला दावली न्हाई. रोज वाटतं, आता मी जाती. म्हणून तर सुनंची घाई." बोलता बोलता तिचं डोळं भरलं.

माझा राग कुठल्या कुठं गेला. डॉक्टराचं समदं बोलणं तिला सांगितलं. तिनं अंजनाच्या गळ्यावरनं हात फिरवला, मग स्वतःच्या, आन् खुदकन हसली.

"पोरगी पसंत! पण मी मरत न्हाई, तर मग घाई कशाला? बघू की पुढल्या साली."

अंजनानं परत पदर डोळ्याला लावला. बाई हातची निसटतीया, हे मी वळखलं.

"आवं, डॉक्टर बहुतेक गाठी म्हणला," मी म्हणलं. "समद्या म्हणला न्हाई."

बनुबाईनं झटक्यात ठुशी सारखी केली.

"ह्याच वैशाखात उरकू," ती म्हणाली. "आन् त्याच्या आदी मला मिरजंला घेऊन चला."