उलट्या अक्षरांचा बोर्ड

"उलटं छाप, भागू. कागदावर उलटं असन, तवाच तांब्यावर सुलटं उतरते. इस्त्री फिरवाच्या आंधी अक्षरं पाह्य. वाचता आली, तर कागद फाडून टाक."

बाबा, म्हणजे देवीदास, हे इतक्यांदा बोलले होते, की ते गेल्यावरही तो आवाज भाग्यश्रीच्या कानात जसाच्या तसा होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना हाच एक नाद. भिलाई-३ च्या घरी ओट्यावर तांब्याचा पत्रा ठेवायचा, त्यावर सर्किटचा छापील कागद पालथा घालून इस्त्रीने दाबायचा, मग पत्रा तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्यात सोडायचा, की छापलेल्या रेघांपुरतं तांबं उरून सर्किटचा बोर्ड तयार. तुळसाबाई कावायच्या, "माहा ओटा खराब करून राहिले हे बापलेक!"

गेल्या पौषात दोघं नवराबायको सिगडी उशाशी घेऊन, दार-खिडक्या लावून झोपले. सकाळी देवीदास उठले नाहीत. तुळसाबाई वाचल्या, पण पुरत्या परत आल्या नाहीत. यंदा थंडी पडताच रोज दिवेलागणीला त्या निखारे करायला बसू लागल्या. "तुये बाबा ड्युटीवरून गारठून येतीन," म्हणायच्या. भाग्यश्रीने सिगडी उचलून आणली, तर त्यांनी घमेल्यात कोळसे पेटवले. घमेलं आणलं, तर फुटक्या कढईत. माझ्या घरी मोहन नगरला ये म्हटलं, तर म्हणायच्या, "मंग तुया बाबायले दार कोण उघडन?"

कोळशाचा विषारी वायू खोलीत साठला की वाजणारी घंटा बाजारात मिळते. पण ती त्याच खोलीत वाजणार, आणि तुळसाबाईंना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. घंटा वाजायला हवी शेजारच्या चंदामावशीकडे, भिंतीपल्याड. असं यंत्र कोणी विकत नव्हतं. म्हणून भाग्यश्रीने स्वतःच त्याचा बोर्ड आखायला घेतला, मोहन नगरला आणलेल्या बाबांच्याच कॉम्प्युटरवर. संध्याकाळचा देवापुढचा नेम आटोपला की ती तिथे बसायची. यातली चिप इतकी बारीक पायांची, की इस्त्रीच्या कामात रेघा एकमेकींना चिकटल्या असत्या. आईचा जीव ज्यावर ठेवायचा, तो बोर्ड कारखान्यातूनच करून घ्यावा, असं तिने ठरवलं.

तोवर चंदामावशी तुळसाबाईंजवळ झोपत होत्या. कंबरदुखीने त्याही टेकीस आलेल्या. "अन् तुया बोर्ड बिघडला तर?" त्यांनी विचारलं होतं.

"त्याच रात्रीपासून मी येईन, मावशी. आईले एकटं झोपू देणार नाही."

आज दुपारी पुडकं आलं. हिरवेगार बोर्ड, कापसासारख्या मऊ कागदात गुंडाळलेले. तिने एक उचलून उजेडात धरला. कोपऱ्यात आईचं नाव घातलं होतं. ते आरशात पाहिल्यासारखं उलटं उमटलं होतं.

नाव उलटं, म्हणजे सगळंच उलटं. तरी तिने चिमट्याने चिप ठेवून पाहिली. फिरवून पाहिली. चिपचा पहिला पाय जिथे जायचा, तिथे भलत्याच पायाची जागा. चिप पालथी घातली, तर पाय वर, आभाळाकडे.

कारखान्याने विचारलंसुद्धा होतं. छापण्याआधी त्यांचा निरोप आला होता: अक्षरं उलटी दिसतात, असंच करायचं का? तेव्हा पडद्यावर ती उलटी अक्षरं पाहून तिला केवढं समाधान वाटलं होतं! बाबा असते तर पाठ थोपटली असती. तिने लगेच कळवलं होतं, "हो, असंच." घरी कागद पालथा पडतो, म्हणून उलटं छापायचं. कारखान्यात कागदही नसतो आणि इस्त्रीही नसते. हे तिला आता, बोर्ड हातात घेऊन कळत होतं.

राजकुमार, तिचा नवरा, दारात येऊन उभा राहिला. "क्या हुआ? झाला का तुया कारखाना?"

"उलटा आला."

"मी म्हटलं होतं, हे बायकांचं काम नोहे."

"बाबांनी शिकवलं तसंच केलं," ती म्हणाली, आणि म्हणताच तिचे डोळे भरले.

तो थोडा वरमला. "दुसरा कवा येईन?"

"तोवर पौष लागून जाईन."

तिने कॉम्प्युटर लावला. चित्र उलटं करणाऱ्या 'आरसा' या पर्यायापुढची बरोबरची खूण काढून टाकली. आईचं नाव सरळ झालं, वाचता येऊ लागलं. बाबांच्या हिशेबाने हा कागद फाडण्याजोगा. तिचा हात क्षणभर थबकला. मग आराखड्याचा एकेक थर उघडून तिने चिपचे पाय बोटाने मोजले, पुन्हा मोजले आणि फाइल पाठवून दिली.

बाहेर ऊन उतरत होतं. भिलाई-३ ला आई आत्ता कोळसे फोडत असेल.

"मावशीला सांग ना, अजून काही दिवस..." राजकुमार म्हणाला.

"मी शब्द देला हाय त्यायले."

"मंग इथं स्वयंपाक कोण करन? रोज जाशीन का?"

"कणीक मळून ठेवली हाय."

तिने देवापुढे दिवा लावला, हात जोडले. अंथरायची सतरंजी, जाडी शाल, उद्याची साडी पिशवीत भरली. चप्पल पायात सरकवून, दार आवाज न करता ओढून घेऊन ती ऑटोच्या नाक्याकडे चालू लागली.