तांबड्या पट्टीचा नमुना

रविवारी जेवणं आटोपल्यावर तनयाने कंपनीचा अहवाल वाचायला घेतला, आणि चौथ्या पानावर आजीने, सत्यवतीने, तिला थांबवलं.

"परत वाच."

अहवाल इंग्रजीत होता. तनया डिचोलीच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. आजीसाठी ती एकेक ओळ मराठीत करून सांगत होती. सर्वणच्या भरडीवरची जमीन निकृष्ट. मातीत सेंद्रिय कर्ब जेमतेम पाव टक्का. पडीक जागा, शेतीला निरुपयोगी. नेपिअर गवत लावल्यास कर्ब वर्षागणिक वाढेल.

"कुठली भरड म्हणतो तो?"

"आपलीच गो आजी. सर्व्हे नंबर आपलाच आहे."

सत्यवतीने हातातला विळा खाली ठेवला. उद्यापासून करड, म्हणजे माळावरचं उंच गवत, कापायला जायचं म्हणून ती त्याला धार लावत बसली होती. लग्न होऊन ती या घरात आली त्याला एकावन्न वर्षं झाली, आणि त्यातलं एकही वर्ष असं गेलं नव्हतं की दिवाळी सरल्यावर ती भरडीवर गेली नाही. घरामागून चढ चढून गेलं की जांभ्या दगडाचं ते लांबरुंद माळरान लागतं. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीनंतर पिवळं, आणि कमरेएवढं करड. पूर्वी अर्ध्या गावाची छपरं त्या करडाने शाकारली जात. पुढे कौलं आली, मग स्लॅब आले, तरी गुरांना करड लागतच होतं. चार महिने धो धो पाऊस झाला तरी त्या माळावरून उतरणारं पाणी नितळ असे. खालच्या झरीला मे महिन्यातसुद्धा धार असे. त्या जमिनीला कोण कुठला येऊन निकृष्ट म्हणतो?

प्रकरण असं होतं. गवतापासून गॅस तयार करणारी एक कंपनी तालुक्यात आली होती. पुरुषभर उंचीचं नेपिअर लावायचं, वर्षातून पाच-सहा वेळा मुळाशी कापायचं आणि गाड्या भरून कारखान्यात न्यायचं. तीस वर्षांचा भाडेपट्टा. वर आणखी असं की मातीत जेवढा कर्ब वाढेल, तेवढ्याची प्रमाणपत्रं कंपनी परदेशात विकणार. सत्यवतीच्या मुलाने, तनयाच्या बापाने, गौरेशने सगळं ठरवून टाकलं होतं. तो वास्कोला बंदराच्या कचेरीत नोकरीला होता आणि शनिवारी घरी यायचा. पण गोव्याच्या कायद्याने नवऱ्यामागे अर्धी जमीन बायकोची. आईची सही झाल्याशिवाय त्याच्या ठरवण्याला अर्थ नव्हता. सही आज संध्याकाळी व्हायची होती.

"यांनी माती कुठली नेली?" सत्यवतीने विचारलं.

तनयाने नकाशाचं पान काढलं. पाच ठिपके होते. सत्यवतीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रस्त्याचं वळण तिला कागदावरही ओळखता आलं. पाचही ठिपके त्या वळणाच्या पोटात, तांबड्या पट्टीत. उरलेल्या सगळ्या माळावर एकही नाही.

तिची कानशिलं तापली. कारण ती पट्टी तांबडी कशी झाली, हे या घरात आता तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर दोनच वर्षांनी गावात सरकारी ट्रॅक्टर आला होता. ज्याला हवी त्याला माळाची जमीन नांगरून मिळत होती. दिनकर, तिचा नवरा, मनाने मऊ. त्याच्या आईने आडवं घेतलं होतं. करडाच्या मुळांना हात लावायचा नाही, म्हणाली. सत्यवती तेव्हा तेवीस वर्षांची. सासू जुन्या वळणाची, तिला काय कळतंय, असं वाटायचं ते वय. तिने महिनाभर दिनकरच्या मागे धोशा लावला आणि रस्त्याकडेचा तुकडा नांगरून घेतला. आत माती निघाली ती काळीभोर, मऊ, गांडुळांनी भरलेली. भुईमूग घातला. पहिल्या वर्षी असा आला की लोक बघायला येत, आणि सत्यवती सासूसमोर मुद्दाम शेंगांची टोपली आपटून ठेवी. दुसऱ्या वर्षी निम्मासुद्धा आला नाही. तिसऱ्या वर्षी खत घालून घालून हात दुखले तरी पानं पिवळीच. मुळं गेली होती, मातीला धरायला काही उरलं नव्हतं. पाऊस ती ढवळून खाली घेऊन गेला. पाचव्या वर्षी खाली खडी लागली. तुकडा सोडून दिला, तो तसाच राहिला. एवढ्या वर्षांत त्यावर करडाचं पातं पुन्हा धड उभं राहिलं नाही.

सासू त्यावर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. गौरेशचा जन्म त्यानंतरचा. त्याने ती पट्टी तांबडीच पाहिलेली.

तिने गौरेशला झोपेतून उठवलं.

"माती तिथली का दिलीस?"

तो डोळे चोळत म्हणाला, गाडी तिथपर्यंतच जाते, वर कोण चढणार. सत्यवती तिथेच उभी राहिली. तिचं ते उभं राहणं त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो खाली बघत म्हणाला, "कंपनीचा तो किरणच म्हणाला. आकडा कमी आलेला बरा. सुरुवात खालून झाली की वाढ जास्त दिसते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"आई गो, माती ती माती. कोणाचं काय गेलं?"

चार वाजता किरण आला. बेळगावकडचा मुलगा, तिशीतला, बोलायला गोड, पायात पांढरे बूट. येताना ओल्ड एज होममध्ये नेतात तशी फळांची करंडी घेऊन आला होता. कागद टेबलावर मांडून त्याने पेनाचं टोपणही काढून ठेवलं. सत्यवती म्हणाली, सही करायला माझी ना नाही, पण जमीन बघून करीन. आणि कोपऱ्यातली कुदळ उचलून ती मागच्या दाराने बाहेर पडली. बहात्तर वर्षांची बाई कुदळ घेऊन चढ चढतेय म्हटल्यावर बाकीच्यांना मागे जावंच लागलं.

आधी ती माळाच्या मध्यावर गेली. करड दोन्ही हातांनी बाजूला सारून तिने कुदळ मारली. मुळांची जाळी अशी की चार घाव फुकट गेले. गौरेश पुढे झाला तेव्हा तिने त्याला कोपराने मागे ढकललं. शेवटी गवताचा खापा उचकटून निघाला आणि खाली माती दिसली. काळी, ओलसर, धाग्यांसारख्या मुळांनी विणलेली. हातभर खणलं तरी मुळं संपेनात.

"हुंगून बघ," ती किरणला म्हणाली, आणि ढेकूळ त्याच्या नाकाशी धरलं.

मग सगळ्यांना घेऊन ती तांबड्या पट्टीत आली. तिथे कुदळ पहिल्याच घावाला खणखणली.

"हेसुद्धा तसंच होतं," ती गौरेशला म्हणाली. "हे असं कोणी केलं माहीत आहे? मी केलं. तुझी आजी नको नको म्हणत असताना मी ट्रॅक्टर घातला. पहिल्या वर्षी पीक आलं ते माझ्या अकलेचं नव्हे, त्या काळ्या मातीचं होतं. शेकडो वर्षं साठलेलं मी पाच वर्षांत संपवलं."

गौरेश म्हणाला, "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"लाज वाटत होती म्हणून. तुला आता तरी वाटू दे."

किरण मध्ये पडला. नेपिअर दरवर्षी नांगरावं लागत नाही आजी, त्यालाही मुळं असतात, मातीत कर्ब धरतं ते. तनया तोवर बोलली नव्हती. आता ती म्हणाली, "इथे धरेल. इथे काही नाहीच, तर जे येईल ती वाढच. पण तिथे लावायचं तर आधी ते सगळं उलथणार ना तुम्ही? वर्षानुवर्षं साठलेला कर्ब पहिल्या दोन-तीन वर्षांत हवेत जाणार. आणि तो गेला हे कागदावर येणारच नाही. कारण तो होता हेच तुम्ही लिहिलेलं नाही."

किरणने तिच्याकडे असं पाहिलं की ही कोण मध्येच.

"नमुना परत घ्या," सत्यवती म्हणाली. "मी दाखवते तिथला."

ते शक्य नाही, तो म्हणाला. आकडा नोंदवून झालाय, वर मान्यता मिळालीय, आता बदलला तर सगळा प्रकल्प अडकेल.

"बरं. मग जी जमीन मोजलीत तीच घ्या. ही पट्टी घ्या. तीस नाही, साठ वर्षं घ्या. इथे गवत उगवून दाखवलंत तर मी पाया पडेन तुमच्या. आत्ता सही करते, आणा पेन."

किरण हसला, पण हसू त्याच्या तोंडावर बसेना. इतका लहान तुकडा कंपनीला परवडत नाही, तो म्हणाला. शिवाय इथे माती कुठे आहे आजी, इथे काय उगवणार?

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. बुटाच्या टोकाने तो खडी उकरत राहिला.

"गौरेश, ऐकलंस?" सत्यवती म्हणाली. "याला निकृष्ट जमीन नको आहे. याला चांगलीच हवी आहे, आणि ती निकृष्ट म्हणून हवी आहे."

गौरेशचा चेहरा लाल झाला होता. त्याला राग कोणाचा आला होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो किरणवर चिडला नाही. आईवर चिडणं सोपं होतं. गावात सगळ्यांना शब्द देऊन बसलोय, तो म्हणाला. शेजारच्या जयरामने कधीच सही केली, उद्या सगळीकडे हिरवं होईल आणि आपण मधे वाळकं करड घेऊन बसू. आणि मग तो ते बोलला, जे बोलायला नको होतं. "तू नाही म्हणालीस तर मी इन्व्हेंतार घालतो. माझी अर्धी मला वेगळी करून दे."

इन्व्हेंतार म्हणजे कोर्टातर्फे वाटणी. मेल्यामागे घालतात. ती जिवंत उभी होती, हातात कुदळ होती.

"घाल," ती म्हणाली. "कोर्टात मी हे दोन्ही खड्डे दाखवीन. आणि ही पट्टी तांबडी कोणी केली तेही माझ्या तोंडाने सांगेन. मला आता कसली भीती? पण तुझ्या अर्ध्यात नांगर घालशील तेव्हा स्वतः उभा राहून घाल. वास्कोत बसून घालू नको."

किरणने कागद गोळा करायला म्हणून घराकडे पाय उचलले. गौरेश त्याच्या मागे उतरला. थोड्या वेळाने गाडी चालू झाल्याचा आवाज आला. गौरेश त्याच गाडीतून गेला, बस स्टँडवर सोडतो म्हणाला असेल. बॅग घेऊन गेला की ठेवून गेला, हे वरून दिसत नव्हतं. सत्यवतीने मान वर करून पाहिलंही नाही.

ती माळाच्या मध्यावर परत गेली. आपण खणलेला खड्डा तसा उघडा टाकून जाणं तिला जमणार नव्हतं. तनया हातांनी माती भराभरा लोटू लागली तशी ती तिच्यावर खेकसली.

"तशी नव्हे. खालची खाली, वरची वर. जशी निघाली तशी घाल."

दोघींनी माती घातली, दाबली, वर गवताचा खापा बसवला. सत्यवती त्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली आणि रागारागाने तुडवत राहिली. तनया म्हणाली, पुरे गो आजी, बसला तो. तरी तिचे पाय थांबेनात.