दीपनगरच्या झारीची चाळणी

चाळणी

मित्रांनो, माणसं स्वतःची ओळख नावापासून करून देतात. मी जुनी पत्र्याची झारी, मी माझ्या तोंडावरच्या चाळणीपासून करून देते. माझा सगळा मान तिच्यामुळे होता आणि सगळी चूकही तिच्यातूनच पडली.

धुळ्याच्या बाजारात पुना नावाचा एक कारागीर बसायचा. १९८४ साली त्याने मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, सांध्यांना डाख दिला. मग चाळणीचा गोल तुकडा मांडीवर घेऊन एका बारीक खिळ्याने दुपारभर तो भोकं पाडत राहिला. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "पुनाभाऊ, झारी करतोस का नथ?" पुनाने मान वर केली नाही. संध्याकाळी पाणी भरून त्याने मला कलती केली. पाणी इतकं हलकं पडलं की जमिनीवरची मातीसुद्धा उडाली नाही.

मूठ

मूठ धरणारा हात सुगंधाबाईंचा होता. त्यांचे यजमान रतिलाल दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला होते आणि कॉलनीतल्या क्वार्टरमागे चार हात जागा होती. तिथे सुगंधाबाईंनी टोमॅटोची सहा रोपं लावली होती.

ते साधे टोमॅटो नव्हते. चपटे, पाकळ्या पडलेले, जिभेला झिणझिण्या आणणारे आंबट. शिरपूरजवळच्या त्यांच्या माहेरी आई धुरपदाबाई हे बी वर्षानुवर्षं राखायची. गर राखेत चोळायचा, शेणाच्या थापीत बी दाबायचं आणि थापी भिंतीला मारायची. दुसऱ्या हंगामाला ती उकरायची. एका वर्षी पावसाळ्यात माहेरी घुशी-उंदरांनी भिंतीवरच्या सगळ्या थापी कोरून खाल्ल्या. चिमूटभर बी तेवढं लेकीकडे आधीच आलेलं होतं. आता त्या वाणाची सहाच झाडं उरली होती, सहाही दीपनगरला. आईने पोस्टकार्ड लिहवून पाठवलं होतं की चंपाषष्ठी झाली की बी न्यायला येते.

पोट

भरलेल्या पोटाने मी रोज संध्याकाळी त्या झाडांकडे जायचे. काय दिवस होते ते. कॉलनीत कपड्यांवर, खिडक्यांवर, पानांवर एक बारीक करडी धूळ बसायची. त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. घर पुसावं तसं सुगंधाबाई पानं धुवायच्या. वरून, अगदी शेंड्यापासून, सावकाश. पानं हिरवी लकाकायची. शेजारच्या बेबाबाई कुंपणावर हात ठेवून म्हणायच्या, "सुगंधाबाई, तुमची झाडं तर लग्नाला निघाल्यासारखी दिसतात." ते ऐकून मी अजून बारीक धार सोडायचे.

पोट, पुन्हा

इथे मला थांबायला हवं होतं. पण झारी थांबत नाही.

डिसेंबरात आभाळ भरून राहिलं. सर्वांत खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. ठिपक्याच्या आत कडं, कड्याच्या आत कडं, चकलीसारखं. भोवती पिवळी कड. सुगंधाबाईंना वाटलं, धुळीचे डाग. त्यांनी दोन झाऱ्यांऐवजी चार ओतल्या. डाग वर चढले. त्यांनी सहा ओतल्या.

रतिलाल म्हणाले, "अगं, झाडं आहेत का धुणं?"

"तुम्ही तुमची ड्यूटी बघा," त्या म्हणाल्या.  खालची पानं वाळून लोंबत होती आणि हिरव्या फळांच्या देठांशी काळं पडू लागलं होतं.

मान

धुरपदाबाई आली ती पिशवी न ठेवताच मागच्या दारी गेली. झाडांशी गुडघे टेकून बसली. एक पान उलटलं. मग दुसरं.

"माय, धूयना डाग शेतस. धोवाई जातीन," सुगंधाबाई म्हणाल्या.

"डाग नही. करपा शे हाऊ." मग म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. पानांवर अजून थेंब होते. "पोरगाले तू रोज सांजले डोकावरतीन न्हावाडस का? त्याले ताप ई. मंग यासले काबर?"

लेकराला रोज तिन्हीसांजेला डोक्यावरून आंघोळ घातली तर ताप येईल; मग यांना का घालतेस, असं ती विचारत होती. सुगंधाबाईंना कळलं. मीही समजले. संध्याकाळचं पाणी रात्रभर पानांवर बसायचं, आणि माझा एकेक नाजूक थेंब रोग एका पानावरून दुसऱ्या पानावर नेत होता. पुनाने दुपारभर खपून केलेली ती भोकं! मित्रांनो, वाईट काम आपण कठोरपणेच करतो असं नाही. मी ते फार हळुवारपणे केलं होतं.

सुगंधाबाईंनी घरातून पक्कड आणली. चाळणी डाखलेली होती, सहज निघेना. त्यांनी पिळून काढली. माझी मान वाकडी झाली ती तेव्हा.

बूड

त्यानंतर मी बुडाशी काम केलं. सकाळी, झाडाच्या मुळाशी, एका धारेने.

चार झाडं उपटावी लागली. ती आणि उरलेल्या दोन झाडांची रोगट पानं सुगंधाबाईंनी बंबात जाळली. त्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळीच्या पाण्याला टोमॅटोच्या पाल्याचा वास होता. बेबाबाईंचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. त्यांनी वाळलेली केळीची पानं मागवून बुंध्याभोवती अंथरली, म्हणजे मातीतला रोग उडून पानांवर बसू नये. पानांवर मारायला मोरचूद आणि चुनाही त्यांनीच कालवून दिला. "लोखंडाच्या बादलीत नाही हो, प्लॅस्टिकची आणा," असं म्हणत त्यांनी मला पायाने बाजूला सरकवलं.

धुरपदाबाई चार दिवसांसाठी आली होती, ती होळीपर्यंत राहिली. रोज त्या दोन झाडांपाशी बसायची. एक झाड पुन्हा फुललं नाही. दुसऱ्याच्या शेंड्याला एकच फळ धरलं, निरोगी, चपटं. ते पिकेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

फळ कापलं त्या दिवशी सुगंधाबाईंनी सगळं बी राखेत चोळून आईच्या पदरात घातलं. म्हातारीने त्यातलं अर्धं मोजून परत केलं.

"तूच ने ना माय. मन्हा हातखाल ते मराले टेकनं व्हतं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"म्हनीसनच ठेव. एक घरमा उंदरं लागनात ते दुसरा घरमा राही. आनि आते तुले करपा वयखता येस."

लेकीला आता करपा ओळखता येतो, म्हणून बी तिच्याकडे. चूक झाली म्हणून नव्हे, चूक कळली म्हणून.

पुढे रतिलाल निवृत्त झाले, घर पिंप्राळ्याला गेलं, रबरी नळी आली. मी गच्चीच्या कोपऱ्यात आहे. बूड गंजून गेलं आहे. पाणी धरत नाही. दर हिवाळ्यात शिरपूरकडे आणि पिंप्राळ्याला एकाच वाणाचे टोमॅटो लाल होतात; इथले मला दिसतात, तिकडचे घरच्यांच्या बोलण्यातून ऐकू येतात.

मित्रांनो, जिवापाड जपताना हात सैल असतो, पाणी भरपूर असतं. तेव्हा एकदा ज्याला जपता आहात त्याच्या पायाशी बसा. वरून सगळं हिरवंच दिसतं.