राखाडी ओळ

माऊसच्या चाकात कुणाचा तरी लांब केस गुंतला होता, आणि तो नखानं ओढताना पडद्यावरच्या रंगीत ओळी सरसर वर गेल्या, अगदी तळाची समोर येऊन थांबली... निम्म्याहून अधिक राखाडी. वर्गाला शिकवताना तिला ती ओळ एवढ्यात नको होती. आधी मुलांना रंगांचं कौतुक करू द्यायचं, मग हळूच हिच्याकडे यायचं, असं ठरलेलं असायचं.

"एकेक आडवी ओळ म्हणजे एकेका रुग्णाकडून घेतलेला विषाणू," ती सवयीनं म्हणाली. "उभी रेघ दिसेल तिथं त्याच्या जनुकीय संकेतातलं एक अक्षर मूळ विषाणूपेक्षा वेगळं. आणि राखाडी म्हणजे ते अक्षर यंत्राला वाचताच आलेलं नाही."

ओळीला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पण शेजारच्या इस्पितळातून आलेल्या नळ्यांमधली नवऱ्याची नळी तिनं त्या क्रमांकावरूनच ओळखली होती, स्वतःच्या हातानं यंत्रात ठेवली होती, आणि यंत्र वाचत असतानाच तिकडे इस्पितळात त्यानं प्राण सोडला. पुढे शिकवायच्या नमुन्यांत ती ओळ तिनंच घातली. खराब नमुना कसा दिसतो ते मुलांना कळावं, असं तिनं विभागप्रमुखांना सांगितलं होतं. खरं तर वर्षातून एकदा तरी कुणी त्याच्याकडे नीट बघावं, एवढंच तिला वाटायचं.

शेवटचं वर्षभर तो बोलेनासा झाला होता. भांडण नाही, तंटा नाही. विचारलं तर "काही नाही गं," आणि पुन्हा आपला खिडकीशी. तिनं त्याचा एकच अर्थ लावला—मन उडालंय, तोंडावर सांगायचं धाडस नाही. मग मीही कमी नाही... बघू कोण आधी बोलतं ते, म्हणून तीही हट्टानं गप्प राहिली, आणि त्या हट्टातच तो आजारी पडला. मागाहून ती रडली नाही. लोक म्हणाले, बाई मोठ्या धीराची. धीर कसला, ती रागावली होती. अजूनही सकाळी डोळे उघडले की आधी तो राग जागा व्हायचा.

"मॅडम, माझं झालं!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिला सगळा वर्ग घाईगडबड म्हणायचा. तिनं ओळींवरून विषाणूंची वंशावळ काढली होती, आणि तळाचा नमुना सगळ्यांपासून लांब, एका लांबलचक फांदीच्या टोकावर एकटाच बसला होता. "हा आपल्यातला नाहीच. याचा बाकी कुणाशी काही संबंध नाही."

दरवर्षी कुणीतरी ही चूक करायचंच, आणि तिचं उत्तर तयार असायचं.

"राखाडी अक्षरं तू फरकात मोजलीस. वाचता आलं नाही म्हणजे वेगळं आहे, असं तुला कुणी सांगितलं?"

आवाज एवढा चढायचं काही कारण नव्हतं. मुलीनं जीभ चावून 'राखाडी मोजा' या चौकटीतली खूण काढली, आणि फांदी आखडत आखडत बाकीच्यांच्या घोळक्यात येऊन टेकली.

"म्हणजे हा सारखाच होता?"

"तसंही नाही म्हणता येत. जेवढं वाचलं तेवढं सारखं. बाकीचं... माहीत नाही."

"मग परत वाचायचा ना."

"नमुना संपला."

"मग काढून टाकू? निम्म्याहून जास्त राखाडी असेल तर ठेवायचा नाही, तुम्हीच म्हणता."

म्हणत होती खरी. पण दरवर्षी ते काम ती स्वतः, मुलं गेल्यावर करायची, म्हणजे करायचीच नाही. सगळी तिच्याकडे बघत होती.

"काढ," ती म्हणाली.

ओळ गेली. आता त्या जागी नुसता पांढरा पडदा होता, आणि तिला एकाएकी आठवलं, प्रयोगशाळेत उशीर झाला की जिन्यातला दिवा लावलेला असायचा. त्या अबोल वर्षभरसुद्धा. तो कोण लावत होतं? घरात दोघंच तर होतो. प्रेमानं लावायचा, की नुसत्या सवयीनं, की मी पायरीवर पडले तर नसती कटकट म्हणून... यातलं काहीही असेल, आणि आता कुणाला विचारायचं? तिनं मनात राग आणून पाहिला, रोज यायचा तसा. तो आला नाही. मुलं पुढचे नमुने मागत होती, ती हो हो म्हणत टेबलाची कड धरून उभी होती, आणि तिला नुसता तो हवा होता, गप्प बसलेला का होईना.