कपाटाची चावी

खटला आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. निकालानंतर चारशे घरांतून अभिनंदनाचे निरोप आले. कुणी मला वाघीण म्हणालं. एका बाईने लिहिलं, आई असावी तर अशी. तेवढा निरोप मी पुसून टाकला.

मी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि शेवटी घासूनपुसून चकचकीत करते. बावीस वर्षं हेच चाललंय. ज्यांचं हसू मी तयार करते ती माणसं मला कधी भेटत नाहीत, आणि तेच बरं, कारण माणसांशी माझं फार जमत नाही. नवरा म्हणतो, "तुझ्या नाकावर राग नाही, रागाच्या मागे कुठेतरी नाक आहे." तो शाळेची बस चालवतो. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी येतो तेव्हा तो इतका शांत असतो, की घरातलं रागवायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

मुलगी एकच. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगलं नाव आहे, पण घरात ती खारूताई. लहानपणी हाताला लागेल ते गालात साठवून ठेवायची म्हणून खारूताई, आणि पुढे नुसती खारू.

खारू अकरा वर्षांची असताना मैत्रिणीकडून तो खेळ शिकून आली. त्यात प्रत्येकाचा स्वतःचा एक कोल्हा असतो. त्याला रोज खाऊ घालायचं, रोज त्याच्याबरोबर दरवाजे उघडायचे. दरवाजामागे कधी काही मिळतं, कधी मिळत नाही. मला वाटलं, बरं झालं, एका जागी बसेल तरी. लॅबमध्ये तेव्हा कामाचा ढीग पडला होता आणि घरी शांतता हवी होती. लपवण्यात काय अर्थ आहे, ती शांतता मला आवडली होती.

वर्षभरात ती खरंच एका जागी बसली. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, अंघोळ सुटली. ताट वाढलेलं तसंच उचलावं लागायचं. एकदा खुर्चीतच लघवी झाली तरी उठली नाही, कारण कोल्ह्याची शर्यत चालू होती. बारा वर्षांची पोर! मी फोन हिसकावला तर तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी तो वळ बघत बसले. वरचा डावा सुळा जरासा फिरलेला. हजार ठशांत टाकला असता तरी मी तो ओळखला असता.

त्याच दिवशी मी ठरवलं की तो खेळ बनवणाऱ्या कंपनीचे दात तिच्या घशात घालायचे.

माझ्यासारख्या चारशे घरांचं काम एक वकीलबाई बघत होत्या. अंगाने बारीक, केस पिकलेले, बोलणं गोड आणि डोकं तल्लख. त्यांनी कंपनीचा एक आतला कागद माझ्यापुढे ठेवला. मूल दोन दिवस फिरकलं नाही तर कोल्ह्याचे कान पाडावेत, तिसऱ्या दिवशी त्याने दाराशी येऊन बसावं, सातव्या दिवशी डोळ्यांत पाणी दाखवावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली कुणीतरी शेरा मारला होता, 'कान पाडल्यावर मुलं परतण्याचं प्रमाण उत्तम.' मी तो कागद तीनदा वाचला. कुणीतरी पगारी माणसाने खुर्चीत बसून, चहा पीत, हे सगळं ठरवलं होतं.

"पहिला खटला तुमचा लावू," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची केस सगळ्यांत स्पष्ट आहे. तुमचा टिकला तर मागचे सगळे टिकतील. पडला, तर बाकीच्यांना कंपनी दारातसुद्धा उभं करणार नाही."

स्पष्ट म्हणजे सगळ्यांत वाईट, हे मला कळत होतं. तरी माझी छाती फुगली. माझ्या पोरीची दशा चारशेत पहिली आली होती आणि मी फुगले होते.

तारखा पडत गेल्या. आणि मधेच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खारू बरी व्हायला लागली.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात आली. फोन बंद करून हातात धरला होता. चेहरा पांढराफटक.

"आई, हा कपाटात ठेव. कुलूप लाव."

"किती दिवस?"

"माहीत नाही. मी मागितला तरी देऊ नकोस. रडले तरी देऊ नकोस. चावले तरी."

'चावले तरी' म्हटल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही हसू फुटलं. मी फोन माझ्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

पहिले तीन आठवडे तिने घर डोक्यावर घेतलं. मागितला, रडली, पाया पडली, भिंतीवर डोकं आपटलं. मी बधले नाही. माझा हट्टी स्वभाव आयुष्यात एकदाच कामाला आला तो तेव्हा. चौथ्या आठवड्यात ती गादीवर उताणी पडून म्हणाली, "मला जाम कंटाळा आलाय." मी पदराआड नाही, चांगलं सिंकपाशी उभं राहून रडले. दोन वर्षांत त्या पोरीला कंटाळा आला नव्हता.

मग नवऱ्याने तिला तलावावर न्यायला सुरुवात केली. सकाळची बसची फेरी झाली की तो तिला सोडायचा आणि काठावर बसून राहायचा. आधी पाण्याला घाबरायची, मग बाहेर यायलाच तयार नसायची. भूक लागायला लागली. खांदे भरले. ओले टॉवेल माझ्या गादीवर टाकायला लागली. मी ओरडले तर म्हणाली, "तू लॅबमध्ये त्या दातांनासुद्धा ओरडत असशील. म्हणून ते असे सरळ रांगेत बसतात." उलटून बोलणारी मुलगी मला परत मिळाली होती. असे आठ महिने गेले.

आणि वकीलबाईंचा फोन आला. पाच आठवड्यांनी कंपनीचा डॉक्टर खारूला तपासणार होता.

"ताई, तोपर्यंत तलाव बंद ठेवा," त्या म्हणाल्या. "कंपनीची माणसं फोटो काढत फिरतात. पाण्यात हसणाऱ्या मुलीचा एक फोटो न्यायाधीशांपुढे गेला, की आपलं संपलं."

"अहो, पण ती बरी होतेय."

"मला आनंदच आहे. पण कोर्टाला नुकसान दाखवावं लागतं. तो डॉक्टर जे समोर दिसेल तेच लिहिणार." मग म्हणाल्या, "मी दुसरं काही करायला सांगत नाहीये. फक्त तलाव."

हे त्यांच्या बाजूने सांगून ठेवते. पुढचं डोकं सगळं माझं.

नवरा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "पोहू दे तिला. खटला गेला खड्ड्यात."

"चारशे घरं आहेत आपल्या मागे!"

"असतील. आपलं एकच आहे."

"तू बस चालव," मी म्हटलं. "बाकीचं मी बघते." तो बस पुसायला बाहेर गेला, आणि मी हे वाद जिंकणं समजले.

खारूला मी सांगितलं, काही दिवस तलाव नको, खटल्यासाठी. तिने मान डोलावली आणि पोहण्याची पिशवी खुंटीला अडकवली. मला वाटलं होतं, ती कोमेजेल. कसली कोमेजते! चित्रं काढली, वडिलांबरोबर पत्ते खेळली, त्यांना हरवून चिडवलं. दोन आठवडे मी तिला चोरून न्याहाळत होते. गालावर लाली, झोप गाढ, ताट स्वच्छ. आपली पोर ठणठणीत दिसते याची मला धास्ती वाटत होती. असली आई मी दुसरी पाहिली नाही.

मंगळवारी सकाळी मी कपाट उघडलं. फोन रुमालात गुंडाळून लॅबमध्ये नेला. आठ महिने मेलेला होता तो, म्हणून पॉलिशच्या मशीनशेजारी चार्जिंगला लावला आणि दिवसभर एका म्हाताऱ्याची खालची कवळी बसवत राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "नवा घेतलास?" मी म्हटलं, "जुनाच आहे."

संध्याकाळी घरी आल्यावर फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, खारूच्या चित्रांच्या वहीशेजारी. कपाट अर्धवट उघडं ठेवलं. आणि अंघोळीला गेले. नळ पुरा सोडला, गरज नसताना दोनदा साबण लावला. बाहेर आले तेव्हा ती टेबलापाशी उभी होती. बसली नव्हती. फोन हातात होता आणि त्यातला कोल्हा दाराशी बसून रडत होता, कान पडलेले. खारूने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर तिने तो माझ्या हातात दिला असता, याची मला आजही खात्री आहे. मी केस पुसायला लागले.

मग ती बसली.

नवऱ्याने विचारलं, "फोन कुणी काढला?" मी म्हटलं, "तिनेच काढला असेल." तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मान वर केली नाही, की नाही म्हटलं नाही.

कंपनीच्या डॉक्टरने तीन तास तपासून लिहिलं, लक्षणं तीव्र आहेत. वकीलबाईंनी अहवाल वाचला, मग माझ्याकडे बघितलं. काही विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी फाइल बंद केली.

कोर्टाची खोली उकडत होती. कंपनीचा वकील तरुण होता आणि फार अदबीने बोलायचा. त्याच्या हातात कंपनीचीच नोंद होती.

"दोनशे त्रेपन्न दिवस मुलीने खेळ उघडला नाही. म्हणजे तिला सोडता येतो. मग एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उघडला. फोन कुलपात होता, असं तुम्ही लिहून दिलंय. चावी कुठे होती?"

"माझ्या पर्समध्ये."

"मग फोन बाहेर कसा आला?"

त्याला काय हवंय ते मला स्वच्छ दिसलं. मी दिला म्हटलं, की खटला तिथेच आडवा, आणि मागचे चारशेही. खारू दुसऱ्या बाकावर बापाशेजारी बसली होती. वेणी घट्ट घातलेली. मीच घातली होती सकाळी.

"तिने चावी चोरली," मी म्हटलं. "माझ्या पर्समधून. मी अंघोळीला गेले होते."

अंघोळ खरी होती, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं.

न्यायाधीशबाई वयस्कर होत्या. त्यांनी हळू आवाजात खारूला विचारलं, "बाळ, आई म्हणते तसंच झालं का?"

खारू उठून उभी राहिली. त्या संध्याकाळी बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं, कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून वाट बघावी तसं. मी खाली बघितलं.

"हो," ती म्हणाली. "मी चोरली."

निकालपत्रातला तो परिच्छेद मला पाठ आहे. एवढे दिवस दूर राहिलेलं मूल स्वतःच्या आईच्या पर्समधून चावी चोरण्यापर्यंत जातं, यावरून या खेळाची पकड सिद्ध होते. खटला त्या एका वाक्यावर उभा राहिला. कंपनीला दंड झाला, मुलांसाठी खेळाला वेळेची मर्यादा घालायचा हुकूम झाला, आणि यापुढे कोल्ह्याचे कान पाडायला बंदी झाली. वकीलबाईंनी मला मिठी मारली. फोटो निघाले. फोटोत मी दात दाखवून हसतेय.

घरी आलो तेव्हा पोहण्याची पिशवी खुंटीलाच होती. नवरा बाहेर बसमध्ये जाऊन बसला. हल्ली तो तिथेच बसतो. खारू खुर्चीत होती. मी शेजारी टेकले.

"खारू, जिंकलो आपण. आता दे तो फोन. ठेवते कपाटात, पहिल्यासारखा."

तिचा अंगठा चालूच होता. "मी चावी चोरेन की परत."

"असं नको ना बोलूस, बाळा. चारशे पोरं होती. तूच म्हणाली नव्हतीस का, की मी मागितला तरी..."

तिने खेळ थांबवला. कोल्हा कान उभारून तिच्याकडे बघत होता. ती मात्र माझ्याकडे बघत होती, चिडून नाही, नुसतीच.

"मी मागितला नव्हता, आई."