फोनवर माझी पत्नी बोलेल

एजंट म्हटलं की लोकांना विमा आठवतो. शेजारच्या शिक्षिकेला मी एकदा म्हणालो की एजंटच्या उत्तराची वाट बघतोय, तर तिने काळजीने विचारलं, पॉलिसी बुडाली का. मी तिला समजावत बसलो नाही. पुस्तक लिहून झालं की ते उचलून प्रकाशकाकडे नेता येत नाही, मधे एक एजंट लागतो, आणि त्या एजंटला आधी पत्र लिहून विचारावं लागतं की माझं पुस्तक वाचाल का, हे मला स्वतःलाच वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

या पत्राचे नियम असतात. पत्र एका पानाचं. आधी पुस्तक कशाबद्दल ते, मग तुम्ही कोण ते, मग आभार. सोबत पहिली तीस पानं. आणि बारा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा. म्हणजे नाही म्हणायलाही तोंड उघडायचं नाही. मी अशी एकेचाळीस पत्रं पाठवली. नऊ जणांनी दोन ओळींत नाही म्हटलं, बाकीच्यांचं मी समजून घेतलं.

मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं छापलं आणि कान त्या खडखडाटात गेले. मला बहिरा म्हणा, राग येत नाही. कानाशी येऊन ओरडणाऱ्यांचा येतो. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून मला बरंच समजतं. सगळ्यात चांगलं हिचं समजायचं. ही म्हणजे माझी बायको.

पुस्तक एका नावाड्याचं आहे. नदीवर पूल होतो, लोक पुलावरून जायला लागतात, आणि याच्याकडे नाव उरते. रोज संध्याकाळी मी लिहिलेलं हिला मोठ्याने वाचून दाखवायचो. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो चढत जायचा. मग ही समोर बसून तळहात खाली दाबायची, म्हणजे हळू, शेजारी घर सोडून जातील. मी पान उलटायला थांबलो की म्हणायची, "मग?" एवढंच. छान झालंय वगैरे कधी म्हणाली नाही. त्या एका शब्दावर मी तीनशे पानं लिहिली.

पहिली तीस पानंच पाठवायची असतात, म्हणून पुस्तक संपायच्या आधीच पत्राचा मसुदाही आम्ही दोघांनी केला. मी आपली विद्वत्ता पाजळत होतो. ही म्हणाली, ते राहू द्या, फोनचं लिहा, उद्या कोणी फोन केला तर तुम्ही काय करणार आहात? म्हणून अगदी खाली, सहीच्या वर, हिने सांगितलेली ओळ आली. 'मला ऐकू येत नाही. फोनवर माझी पत्नी बोलेल.' त्यापुढे हिचा नंबर.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटा घरी आलो. शेवटची तीन प्रकरणं लिहायची राहिली होती. ती मी नंतर लिहिली. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून एकदा भिंतीकडे तोंड करून वाचली. भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला नाहीत.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. पुस्तक छापून यावं, दुकानात दिसावं, हे सगळं ठीक आहे. पण ती तीन प्रकरणं कोणीतरी एकदा ऐकावीत आणि मधे 'मग?' म्हणावं, यासाठी मी पत्रं पाठवत राहिलो.

गेल्या महिन्यात एका एजंटबाईंची मेल आली. तीस पानं वाचली, आवडली, पुढे बोलायचं आहे. तुमच्या पत्नीला दोनदा फोन केला, बंद लागला. पत्रातली त्यांच्याबद्दलची ओळ वाचूनच मी तुमची पानं उघडली होती. गुरुवारी दुपारी चार वाजता पुन्हा करते, त्यांना फोन चालू ठेवायला सांगा.

पहिल्या वाचनात मला फक्त 'आवडली' दिसलं. मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं. तेव्हा पत्नी दिसली.

मी पाठवलेली पत्रं उघडून पाहिली. त्याचं असं झालं होतं की फार पूर्वी मी एका एजंटच्या पत्रावर दुसऱ्याच एजंटचं नाव घातलं होतं, आणि त्या गृहस्थांनी मला चांगलंच सुनावलं होतं. तेव्हापासून पत्र पाठवताना मी वरचं नाव सातसात वेळा तपासायचो. नाव बदलायचं, तारीख बदलायची आणि पाठवायचं. खालचा मजकूर ठरलेला, तो कोण वाचतो? एकेचाळीसपैकी एकोणीस पत्रं ही गेल्यानंतरची होती. एकोणीस अनोळखी माणसांना मी लिहून कळवलं होतं की फोनवर माझी पत्नी बोलेल. चौतीस वर्षं छपाईत काढलेल्या माणसाने ही चूक करावी, याची मला लाज वाटली. आणि त्या एकोणीस पत्रांत ती जिवंत होती, याचं बरंही वाटलं.

हिचा फोन कपाटात होता, बंद करून ठेवलेला. नंबर मात्र मी जाऊ दिला नव्हता. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रिचार्ज करत होतो. का, ते विचारू नका.

सरळ मार्ग होता, एजंटबाईंना खरं लिहायचं. पण त्यांना आवडलेली ओळच खोटी निघाली तर तीस पानंही खोटी वाटतील, अशी मला भीती वाटली. आणि दुसरंही कारण होतं. दोन वर्षांत हिची कोणी चौकशी केली नव्हती. आता कोणीतरी दिवस आणि वेळ ठरवून हिला फोन करणार होतं, आणि तो वाजून वाजून थांबावा हे मला सहन होईना. म्हणून मी धाकटीला निरोप पाठवला.

धाकटी म्हणजे हिची बहीण. रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती, तीस वर्षं लोकांना 'थांबा, जोडून देते' म्हणाली. दोघी बहिणींचा आवाज एकच होता, माझे कान चांगले होते तेव्हा मी स्वतः फसलो आहे. राहते बसने तीन थांबे पलीकडे. तरी दोन वर्षांत आमची भेट झाली नव्हती. तिला वाटलं असेल मी शिष्ट आहे. खरं म्हणजे आवाजाचं मला काही नाही, पण तिचे ओठ हिच्यासारखे हलतात. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि न बघता तिचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून मी टाळत होतो.

गुरुवारी ती तीनलाच आली. मी काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली की रुग्णालयात तिने साहेब जागेवर नाहीत हे साहेबांच्या सांगण्यावरून हजारदा सांगितलं आहे, पण नसलेलं माणूस जागेवर आहे असं कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तिने पाणी मागितलं आणि फोन हातात घेतला. सकाळपासून चार्ज करूनही त्याची बॅटरी अर्ध्यावरच होती.

बरोबर चार वाजता फोन टेबलावर थरथरला. धाकटीने तो कानाला लावला आणि माझ्याकडे तोंड करून बसली, म्हणजे मला दिसावं. "हो, मीच बोलतेय," असं ती म्हणाली. हिच्याच ओठांनी म्हणाली. मी टेबलाची कड धरली. पुढे ती हो, नाही, रोज वाचून दाखवतात, असं म्हणत गेली. एकदा हसली. चांगलं चाललं होतं, आणि ते चांगलं चाललंय म्हणूनच मला आत कुठेतरी फार वाईट वाटत होतं.

मग तिचे ओठ थांबले. फोनवर हात ठेवून ती मला म्हणाली, "त्या विचारतायत, शेवटी त्या नावेचं काय होतं? ते ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

तिला माहीत नव्हतं. तिने पुस्तकातलं अक्षरही वाचलं नव्हतं. पण खरी अडचण ती नव्हती. हिलाही माहीत नव्हतं. आज ही स्वतः फोनवर असती तरी तिला उत्तर देता आलं नसतं, कारण ती ऐकायच्या आधीच गेली. नावेचं काय होतं हे जगात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

मी फोन तिच्याकडून घेतला. कानाला लावून उपयोग नव्हता, तोंडासमोर धरला.

"मी लेखक बोलतोय," मी म्हणालो. "तुम्ही काय बोलाल ते मला ऐकू येणार नाही. माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ती ओळ काढायची राहून गेली. आत्ता बोलत होती ती तिची बहीण, तिचा काही दोष नाही. शेवटची तीन प्रकरणं अजून कोणी ऐकलेली नाहीत. तुम्हाला ऐकायची असली तर आत्ता वाचतो."

धाकटीने माझा तळहात उघडून फोन काढून घेतला आणि कानाला लावला. थोडा वेळ ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग फोन टेबलावर ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "लाईनवर आहेत. वाचा."

मी वाचायला लागलो. पहिलं पान कसं गेलं कळलं नाही. दुसऱ्या पानावर मान वर केली तर धाकटी तळहात खाली दाबत होती. हे तिला कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. बहिऱ्या माणसाला आणखी कसं सांगणार? मी आवाज उतरवला. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा मी थांबलो, आणि तिने फोनकडे न बघता विचारलं, "मग?"

मी चष्मा पुसला. तीन प्रकरणं वाचायला सव्वा तास लागला. शेवटी नावाडी नाव विकत नाही. लाकडाची नाव काठावर कोरडी पडली तर तिच्या फळ्या फाटतात, म्हणून तो रोज सकाळी रिकामी नाव पलीकडे नेतो आणि परत आणतो. पुलावरचे लोक वाकून बघतात आणि आपल्या कामाला जातात. तिथे पुस्तक संपतं.

धाकटीने डोळे पुसले नाहीत की काही नाही. म्हणाली, "म्हणजे रिचार्ज करतो म्हणा."

मला राग आला. रिचार्जचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं, पण चालू नंबर समोर होता, त्यावरून कोणालाही कळलं असतं. मी काही बोलायच्या आत तिने फोन उचलून त्यात 'बरं, ठेवते' म्हटलं, बाई कळवतील असं मला सांगितलं आणि चपला घालायला गेली. दारात म्हणाली की पुढच्या गुरुवारी येईन, सुरुवात ऐकायची राहिली आहे.

ती गेल्यावर मी फोन चार्जिंगला लावला. तो बंद होता. बटण दाबलं तरी काही दिसेना, दहा मिनिटांनी कुठे उजेड आला. आलेल्या फोनच्या यादीत सगळ्यात वर एजंटबाईंचा नंबर होता आणि त्याखाली वेळ, चार मिनिटं अकरा सेकंद.

मी हिशेब मांडला. धाकटीचं बोलणं, तिचं थांबणं, माझी सात वाक्यं. बाईंनी फोन ठेवला की बॅटरीने जीव सोडला, ते कळायला मार्ग नाही. ही गेल्याचं त्यांनी ऐकलं की नाही, तेही कळायला मार्ग नाही. पण मी वाचायला बसलो तेव्हा टेबलावर नुसतं डबडं होतं, आणि धाकटीला ते पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं.

सव्वा तास ती माझ्याकडे तोंड करून बसली होती.

मी संगणक उघडला आणि एजंटबाईंना पत्र लिहिलं. झालेलं सगळं लिहिलं, माफी मागितली, शेवटची तीन प्रकरणं जोडली. उत्तर येईल किंवा बारा आठवड्यांनी मी समजून घेईन. या वेळी मी वरचं नाव एकदाच तपासलं आणि सहीच्या वरची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. हिचा नंबर तसाच ठेवला. फोन आता धाकटीकडे देणार आहे.

'मला ऐकू येत नाही. माझी पत्नी आता नाही. फोनवर माझी मेहुणी बोलेल. तिला शेवट माहीत आहे.'